पेगी रीसचा जन्मदाखला

मर्विन प्रोबर्टला कुणी कागदपत्रांच्या कामाला लावत नसे. चाळीस वर्षं त्यानं कुणाला ना कुणाला रग्बीच्या स्क्रममध्ये, दोन संघ वाकून डोकी भिडवतात त्या झुंजीत, रेटण्यात घालवली होती, आधी स्वतः आणि मग प्रशिक्षक म्हणून पोरांकडून. त्यात त्याचे दोन्ही कान चुरगळून गेले होते, आणि अक्षर तर आधीपासूनच तसं होतं. तरी पेगी रीसचा जन्मदाखला त्यानंच आणला. कुणी न सांगता, स्वतःच्या गाडीनं, स्वतःच्या सुट्टीच्या दिवशी. पुढं जे झालं त्याचं खापर दुसऱ्या कुणाच्या डोक्यावर फोडायची सोयच नव्हती, आणि मर्विनला ते फार लागे.

झालं होतं असं. वेल्समधल्या अबेरडेरी क्लबात रीगन टिपोकी नावाचा न्यूझीलंडचा प्रॉप एका हंगामापुरता आला होता. प्रॉप म्हणजे स्क्रमच्या पहिल्या फळीत डोकं घालून समोरच्याला रेटणारा गडी. संघ जिंकला तर त्याचं नाव कुणी घेत नाही, हरला तर सगळे घेतात. रीगन आला आणि दोन वर्षं मागं मागं सरकणारा क्लबाचा स्क्रम जागेवर उभा राहिला. त्याला कायम ठेवावं असं सगळ्यांनाच वाटत होतं. अडचण एकच होती. परदेशी खेळाडू सहाच ठेवता येत, आणि पुढच्या हंगामासाठी क्लबाचे सहा भरलेले होते.

"आजी वेल्सची होती म्हणतो," क्लबाचा संचालक ॲलन ब्रेस बैठकीत म्हणाला. "आजी-आजोबांतलं एक जरी इथं जन्मलेलं असलं तरी गडी आपला धरतात. पण असं सगळेच म्हणतात. मागच्या वर्षीच्या त्या फिजीवाल्याला तर चार आज्या निघाल्या होत्या."

"आजीचं नाव काय?" मर्विननं विचारलं.

"मार्गारेट रीस. पेगी म्हणायचे तिला. गाव कुमहेलिग."

मर्विन खुर्चीतून उठलाच. "अरे, कुमहेलिग माझं गाव! पेगी रीस माझ्या आईची मैत्रीण. शेजारच्या घरात राहायची, चॅपलमध्ये आईच्या बाजूला उभी राहून गायची. लग्न करून न्यूझीलंडला गेली. आपली म्हणजे काय, अस्सल आपली!"

ॲलननं टेबलावर थाप मारली. बाकीचे हसले. एवढ्या वर्षांच्या बैठकांत मर्विननं काही बोलावं आणि ते कुणी वहीत लिहून घ्यावं असं पहिल्यांदाच घडत होतं. माणूस साठीला आला तरी शाबासकीला हपापलेला असतो, आणि मर्विन तर जरा जास्तच होता.

तो नोंदणी कचेरीत गेला. दाखला लगेच मिळाला. मार्गारेट रीस, जन्म एकोणीसशे चौतीस, कुमहेलिग, बाप जॉन रीस, खाणकामगार. रीगनकडं आजीच्या लग्नाचा कागद होता, त्यावरही बापाचं नाव हेच आणि काम हेच. जुळलं. आता कुमहेलिगमध्ये त्या काळी निम्मं गाव रीस होतं आणि उरलेलं प्रोबर्ट नाहीतर पॅरी. जॉन रीस नावाचे खाणकामगारच सात होते. म्हणून तर गावात आडनावानं हाक मारायची पद्धतच नव्हती. जॉन गिरणी, जॉन दोन-दात, जॉन वरची-गल्ली, अशी ओळख असायची. सरकारी दाखल्यावर यातलं काही लिहीत नाहीत. मर्विनला हे लहानपणापासून माहीत होतं, आणि नेमकं त्या दिवशी आठवलं नाही.

रीगननं तीन वर्षांचा करार केला. त्याची बायको आणि पाच वर्षांची मुलगी विमानानं आल्या.

आणि येस्टिन पॅरीची जागा गेली. येस्टिन एकोणीस वर्षांचा, कुमहेलिगचाच. आठ वर्षांचा असताना मर्विननं त्याला गावच्या मैदानावर चिखलात बसून रडताना पाहिलं होतं आणि उठवून पहिल्या फळीत उभं केलं होतं. तेव्हापासून तो 'मर्फकाका, मर्फकाका' करत मर्विनच्याच हाताखाली वाढला. गावचा संघ, मग शाळेचा, मग अबेरडेरीच्या तरुणांचा. मे महिन्यात त्याचा कच्चा करार संपून पक्का व्हायचा होता. पथकात प्रॉपची एकच जागा रिकामी होती. रीगन परदेशी ठरला असता तर ती येस्टिनची होती. दाखला आणताना मर्विनच्या मनात हा विचार आला नव्हता असं नाही. कचेरीच्या पायऱ्या चढताना आला आणि उतरताना गेला.

पक्क्या करारांची बैठक गुरुवारी होती. त्याच्या आधीच्या रविवारी रीगन म्हणाला, "मर्विन, मला आजीचं गाव दाखव ना." मर्विन त्याला घेऊन आईकडं गेला.

त्याची आई काइनवेन चौऱ्याऐंशी वर्षांची. अजून स्वतःचा कोळसा स्वतः आत आणायची आणि कुणी मदतीला आलं तर त्याच्यावर खेकसायची. रीगनला दारात पाहून तिनं मान वर केली, आणखी वर केली, आणि म्हणाली, "पेगीचा नातू का तू? नाक तिचं नाही बाबा. बस. वजन जपून टाक, खुर्ची माझ्या सासूची आहे."

तव्यावर भाजलेले बेदाण्यांचे केक तिनं पुढ्यात ठेवले. रीगननं आठ खाल्ले. "खाणं मात्र पेगीचंच," ती खूश होऊन म्हणाली. मग तिनं त्याला पुढच्या खोलीत चॅपलच्या सहलीचा जुना फोटो बघायला पाठवलं आणि किटली भरायला उठली. मर्विन मागोमाग आत गेला. सहज, काहीतरी बोलायचं म्हणून त्यानं विचारलं, "पेगी शेजारच्याच घरात जन्मली ना गं?"

काइनवेननं नळ बंद केला. दाराकडं एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला. "जन्मली कुठली इथं? लिव्हरपूलची ती. लढाईत तिकडं बाँब पडायला लागले तेव्हा पोरं आगगाडीत घालून इकडं पाठवली ना, त्यातली. कोटाला नावाची चिठ्ठी टाचलेली. चॅपलच्या सभागृहात सगळी रांगेनं उभी केली होती. जॉन गिरणी आणि त्याच्या बायकोला मूल नव्हतं, त्यांनी हिचा हात धरला. पुढं हिची आई तिकडं घरासकट गेली. मग ही राहिलीच."

"मग रीस कशी?"

"रीसच्या घरात राहणारी रीस नाही तर कोण? वर्षभरात आमच्यासारखी वेल्श बोलायला लागली. मी एकदा भांडणात तिला 'लिव्हरपूलची' म्हणाले, तर माझ्या आईनं अशी थोबाडीत ठेवून दिली की दोन दिवस कान गुणगुणत होता. त्यानंतर गावात कुणी तो शब्द तोंडातून काढला नाही. तुझ्या बापापाशीसुद्धा मी कधी विषय काढला नाही."

"पण आई, मी दाखला काढलाय. मार्गारेट रीस, बाप जॉन रीस..."

"ती जॉन वरची-गल्लीची मार्गारेट. घटसर्पानं गेली बिचारी, चार वर्षांची होऊन." तिनं किटली आचेवर ठेवली. "बाहेर बोलू नकोस हं. पोराला वाईट वाटेल."

म्हणजे मर्विननं एका मेलेल्या पोरीचा दाखला काढून त्या सहा फुटी माणसाच्या हातात दिला होता. पेगी वेल्श बोलली, वेल्श गायली, पण जन्मली इंग्लंडात. नियमाला गाणं चालत नाही. रीगन परदेशी होता आणि जागा येस्टिनची होती.

परत येताना रीगन गाडीत गुणगुणत होता. "आजी कपडे वाळत घालताना हे म्हणायची," तो म्हणाला. "शब्द कळायचे नाहीत. आता शिकेन म्हणतो." मर्विननं नुसतं हूं केलं. आत्ताच सांगावं असं त्याला तीनदा वाटलं, आणि तिन्ही वेळा पुढं वळण आलं.

सोमवार, मंगळवार, बुधवार त्यानं स्वतःशी बोलून काढले. गुरुवारी सांगायचंच असं ठरवून तो क्लबात गेला. तर ॲलननं दारातच त्याच्या खांद्यावर हात टाकला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "या माणसानं आपला हंगाम वाचवला! मर्विन, तुझाही करार दोन वर्षांनी वाढवलाय." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मर्विन हसला. हसलेलं तोंड लगेच उघडून असली गोष्ट सांगता येत नाही. खरं तर येते. पण मर्विनला आली नाही. तो घाबरला, दुसरं काही नाही.

"आता येस्टिन येईल," ॲलन खुर्ची ओढत म्हणाला. "त्याच्यासमोर रीगनचं नाव काढू नका. परदेशी माणसापायी घरचं पोरगं काढलं म्हणून उद्या बोंब होईल. खेळातलंच काहीतरी कारण सांगा."

येस्टिन इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. ॲलननं 'यंदा जमत नाही' असं सांगितलं तेव्हा तो उठला नाही, बसून राहिला. मग म्हणाला, "साहेब, काय कमी पडलं ते सरळ सांगा. मी करेन मेहनत."

ॲलननं मर्विनकडं पाहिलं. "मर्विन सांगेल. त्यानंच तुला घडवलंय."

येस्टिन त्याच्याकडं वळला. मर्विनला काहीही सांगता आलं असतं. वेग कमी पडतो म्हणता आलं असतं, फेक चुकते म्हणता आलं असतं, ते खोटं पोरानं चार महिन्यांत पुसून टाकलं असतं. पण त्याला वाटलं, असं काहीतरी सांगावं की हा पुन्हा विचारायला येणार नाही.

"मान, पोरा," तो म्हणाला. "तुझी मान वरच्या पातळीला पुरायची नाही. गावात खेळ, तिथं ठीक आहे. पण इथं खेळलास तर एक दिवस इजा होईल, आणि ती बरी होण्यातली नसेल."

त्या पोराची मान बैलासारखी होती. अकरा वर्षं मर्विननंच ती दोरी बांधून, वजनं लटकवून घडवली होती. बोलता बोलता मर्विनचे डोळे भरून आले, ते स्वतःचीच किळस वाटून.

येस्टिननं मानेवरून एकदा हात फिरवला. मग म्हणाला, "तुम्ही म्हणताय म्हणजे तसंच असणार, मर्फकाका." तो उठला, सगळ्यांशी हात मिळवले आणि जाताना खुर्ची पुन्हा टेबलाखाली सरकवून गेला.

शनिवारी दुपारी कुमहेलिगचा सामना होता. मर्विन मैदानाच्या कडेला उभा राहिला. गावची माणसं त्याच्याशी बोलत होती, पण नेहमीसारखी थट्टा कुणी करत नव्हतं. पहिला स्क्रम लागला. दोन्ही फळ्या वाकल्या, भिडल्या, आणि त्याच क्षणी येस्टिननं डोकं वर घेतलं. जरासंच. बघणाऱ्याला कळलंही नसतं. मर्विनला कळलं. आठ वर्षांच्या वयापासून या पोरानं कधी डोकं वर घेतलं नव्हतं. स्क्रम कोसळला. दुसरा लागला, तोही त्याच्याच बाजूनं कोसळला. समोरचा प्रॉप चाळिशीचा, पोट सुटलेला, रोज दुधाची गाडी हाकणारा माणूस होता, आणि येस्टिन त्याला भीत होता. तिसऱ्यानंतर तो स्वतःच हात वर करून बाहेर आला. मानेला हात लावून बसला.

मर्विन सामना अर्धा सोडून गाडीत जाऊन बसला आणि रडला. जागा काढून घेतली हे एक वेळ परत करता आलं असतं. हे कसं परत करायचं?

आधी तो रीगनकडं गेला. रीगन अंगणात मुलीची सायकल दुरुस्त करत होता. सगळं ऐकून त्यानं पाना खाली ठेवला.

"तुला रविवारपासून माहीत होतं?"

"हो."

"आणि आज सांगतोयस? सोमवारी माझ्या पोरीची शाळा सुरू झाली. वेल्श शाळा, मर्विन. काल ती दहापर्यंत मोजून दाखवत होती." तो ओरडला नाही, ओरडला असता तर बरं झालं असतं. मग त्यानं विचारलं, "मग आजी इंग्रज होती?"

"आजी कुमहेलिगची होती," मर्विन म्हणाला. "कागद इंग्लंडचा आहे."

"तुमची तऱ्हाच न्यारी," रीगन म्हणाला, आणि पुन्हा सायकलीकडं वळला. महिन्याभरात तो इंग्लंडमधल्या एका क्लबात गेला. तिथं त्याच आजीच्या जोरावर तो घरचा धरला गेला.

ॲलननं दार लावून घेतलं आणि मर्विनला मनसोक्त झापलं. "कुणी विचारलं होतं तुला? आणताना कुणी विचारलं नव्हतं आणि आताही नाही!" तो म्हणाला, आणि यात खोटं काहीच नव्हतं. मर्विननं वरच्या संघटनेला पत्र लिहिलं, खाली सही केली आणि क्लबाच्या चाव्या टेबलावर ठेवल्या. काइनवेनला कळलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "पंच्याहत्तर वर्षं सबंध गावानं तोंड मिटून ठेवलं, आणि तू पत्र टाकलंस." दोन रविवार तिनं त्याला जेवायला बोलावलं नाही.

पण जागा मोकळी झाली. ॲलननं नाइलाजानं येस्टिनला फोन केला. आणि येस्टिन नाही म्हणाला.

हे ऐकल्यावर मर्विन दुसऱ्याच दिवशी त्याला शोधत गेला. येस्टिन मामाबरोबर छपरं दुरुस्त करायच्या कामाला लागला होता. मर्विनला पाहून तो शिडीवरून खाली आला, हात पँटला पुसले आणि गाडीच्या मागच्या फळीवर त्याच्यासाठी जागा केली.

"घ्या, सँडविच घ्या. आईनं चीज जास्त घातलंय."

"तू नाही का म्हणालास?"

"मानेचं तुम्हीच सांगितलंत ना?"

"ते खोटं होतं," मर्विन म्हणाला. आणि त्यानं सगळं सांगितलं. पेगी, दाखला, आईचं स्वयंपाकघर, टाळ्या, ॲलनचं बोलणं. काही लपवलं नाही, स्वतःला कुठं सोडवून घेतलं नाही. बोलताना तो खाली, बुटांकडं बघत होता. वर बघायचं त्याला धाडस नव्हतं. "तुझ्या मानेला काही झालेलं नाही, येस्टिन. तुझ्याएवढी चांगली मान मी पाहिली नाही. मी भ्यालो म्हणून बोललो."

येस्टिन शांतपणे खात होता. खाऊन झाल्यावर त्यानं कागदाची घडी केली.

"दाखल्याचं खरं असेल," तो म्हणाला. "गावात तेच बोलतायत. पण मानेचं सोडा, मर्फकाका. तुम्हाला खोटं बोलता येत नाही."

"त्या दिवशी आलं ना!"

"त्या दिवशी तुम्ही माझ्या डोळ्यांत बघून सांगितलंत. तुमचे डोळे भरले होते. घरी जाऊन मी आईला सांगितलं, सगळे गोड बोलले, खरं सांगायची हिंमत फक्त मर्फकाकांनी केली." तो हसला. "आणि आज बघा, मघापासून बुटांशी बोलताय."

"येस्टिन, ऐक माझं..."

"त्या शनिवारी मान वाजली ना माझी. तिसऱ्या स्क्रमला. तुम्ही म्हणालात तसंच. मला वाटलं, बरं झालं बाबा वेळेत सांगितलं." त्यानं मर्विनच्या गुडघ्यावर हात ठेवला, मोठ्या माणसानं लहानाची समजूत घालावी तसा. "नोकरी गेली तुमची, त्यात माझ्यामुळं आणखी मनाला लावून घेऊ नका. मी मजेत आहे. मामा चांगला आहे. वरून सगळं खोरं दिसतं."

मामानं वरून हाक मारली. येस्टिन उठला.

"जाता जाता शिडी धरा जरा, मर्फकाका. जमीन ओली आहे."

मर्विननं शिडी धरली. येस्टिन भराभर वर चढला आणि वरून त्यानं हात हलवला, अगदी मनापासून. मर्विन खाली शिडी धरून उभा राहिला. आता आणखी काय सांगितलं म्हणजे हा पोरगा आपल्यावर चिडेल, हे त्याला काही केल्या सुचेना.